फ्लॉपी नसलेल्या सर्व्हरमध्ये फ्लॉपीचा दोष: संगणक विभागप्रमुख आणि खरेदी समित्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील महापालिका, विद्यापीठे, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आणि नागरी सहकारी बँका यांचे संगणक विभागप्रमुख व खरेदी समित्यांचे सदस्य

विषय: व्हर्च्युअल मशीनच्या सॉफ्टवेअरमधील मेमरी-सुरक्षेचे दोष आणि त्यांसाठी निविदेत घालायच्या अटी

महोदय, महोदया,

आपल्या सर्व्हर खोलीत बहुधा दोन-तीन भौतिक सर्व्हर असतील आणि त्यांवर वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालत असतील. खातेदारांचा किंवा करदात्यांचा डेटाबेस, पगारपत्रक, परीक्षेचे निकाल, आणि त्याच सर्व्हरवर साऱ्या जगाला उघडी असलेली वेबसाइट. वेबसाइटचे व्हीएम कुणी फोडले तरी शेजारच्या डेटाबेसला धक्का लागणार नाही, या भरवशावर ही मांडणी उभी असते. तो भरवसा ज्याच्यावर आहे त्या हायपरव्हायजरचा, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, मग तो व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय असो, केव्हीएम-क्यूईएमयू असो, झेन असो की हायपर-व्ही, मोठा भाग सी किंवा सी++ भाषेत लिहिलेला आहे. या भाषांत मेमरीची हद्द प्रोग्रामरने स्वतः राखायची असते. तिथे चूक झाली की गेस्टमधून (व्हीएमच्या आतून) होस्टमध्ये (भौतिक सर्व्हरमध्ये) शिरायला वाट मिळते, आणि होस्ट हातचा गेला की त्यावरची सगळी व्हीएम एकदम जातात.

असे दोष आपल्याला वेळेत बुजवता येतील की नाही, हे पुष्कळसे निविदा लिहितानाच ठरून जाते. म्हणून हे पत्र अभियंत्यांबरोबर खरेदी समितीलाही लिहीत आहोत.

दोष नेमका कसा असतो हे कळण्यासाठी २०१५ सालचे ‘व्हेनम’ हे उदाहरण आम्हाला अजूनही सर्वांत उपयोगी वाटते. १३ मे २०१५ रोजी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या जेसन गेफनर यांनी तो जाहीर केला, सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१५-३४५६. क्यूईएमयू प्रत्येक व्हीएमला खोटी उपकरणे पुरवतो: डिस्क, नेटवर्क कार्ड, कीबोर्ड आणि त्या काळी फ्लॉपी कंट्रोलरसुद्धा. गेस्टने हेक्साडेसिमल ३एफ५ या पोर्टवर एक बाइट लिहिला की प्रोसेसर गेस्टला थांबवतो, ताबा लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे गाभ्यातल्या, केव्हीएमकडे, तिथून होस्टवरच्या क्यूईएमयू प्रोसेसकडे जातो आणि फ्लॉपीचे काम पाहणारे सी भाषेतले फंक्शन तो बाइट ५१२ बाइटच्या बफरमध्ये ठेवते. कितवा बाइट आला हे मोजणारा एक अंक प्रत्येक वेळी एकाने वाढतो. आज्ञा पूर्ण झाली की तो पुन्हा शून्यावर यायला हवा. दोन आज्ञांच्या बाबतीत तसे होत नव्हते. ‘रीड आयडी’ ही आज्ञा टायमर लावून उत्तर लांबणीवर टाकत होती आणि मधल्या काळात नवे बाइट स्वीकारले जात होते. ‘ड्राइव्ह स्पेसिफिकेशन’मध्ये शेवटच्या बाइटचा वरचा बिट चालू असेल तरच मोजणी शून्यावर येत होती, गेस्टने तो बिट बंद ठेवला की मोजणी पुढे चालूच. ५१३ वा बाइट बफरच्या पलीकडे, होस्टच्या हीप (प्रोग्राम चालताना लागेल तशी घेतलेल्या) मेमरीत पडायचा आणि त्यापुढचेही एकामागून एक.

दुरुस्ती अगदी छोटी होती: बाइट लिहिण्याआधी त्या अंकाला ५१२ ने भागून फक्त बाकी वापरायची. पण ही चूक २००४ पासून कोडमध्ये होती. व्हीएमला फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला नसला तरी कंट्रोलरचा कोड जिवंत असायचा, त्यामुळे ‘आम्ही फ्लॉपी वापरत नाही’ हे उत्तर उपयोगाचे नव्हते. झेन आणि केव्हीएम दोन्हींना झळ लागली, कारण दोघेही उपकरणांसाठी क्यूईएमयूचाच कोड वापरत होते. व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही त्या वेळी वाचले. तेवढ्यावरून ते अधिक सुरक्षित आहेत असा निष्कर्ष काढायला मात्र जागा नाही.

व्हीएमवेअरचेच पाहा. ५ मार्च २०२४ च्या सूचनेत एक्सएचसीआय आणि यूएचसीआय या आभासी यूएसबी कंट्रोलरांमधले ‘युज आफ्टर फ्री’ दोष होते, म्हणजे मोकळी करून टाकलेली मेमरी पुन्हा वापरली जाणे. पुढे बरोबर वर्षभराने, ४ मार्च २०२५ रोजी, तीन दोष एकत्र जाहीर झाले आणि तेव्हा त्यांचा प्रत्यक्ष हल्ल्यांत वापर सुरू झालेला होता. त्या तिघांची साखळी समजून घेण्यासारखी आहे. सीव्हीई-२०२५-२२२२४ हा गेस्ट-होस्ट संवादाच्या व्हीएमसीआय भागातला दोष, गांभीर्याचा गुणांक १० पैकी ९.३. असा दोष तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणात असतो: मूल्य आधी तपासले जाते, थोड्या वेळाने वापरले जाते, मधे ते बदलले तर तपासणी वाया जाते आणि हद्दीबाहेर लिहिले जाते. त्यातून गेस्टमधल्या अॅडमिनला होस्टवरच्या व्हीएमएक्स प्रोसेसमध्ये (ते व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) आपला कोड चालवता येतो. २२२२६ क्रमांकाचा दोष त्याच प्रोसेसची मेमरी बाहेर सांडतो, आणि अशा गळतीतून पत्ते मिळाले की मेमरीची मांडणी विस्कटून ठेवणारे संरक्षण निकामी होते. तिसरा, २२२२५, व्हीएमएक्सच्या पिंजऱ्यातून थेट कर्नलमध्ये लिहू देतो. या तिन्हींना तात्पुरता उपाय नव्हता. ८.० यू३डी, ८.० यू२डी किंवा ७.० यू३एस अशी दुरुस्त आवृत्ती बसवणे एवढाच मार्ग.

त्याच वर्षी मे महिन्यात बर्लिनला झालेल्या पोन-टू-ओन या हॅकिंग स्पर्धेत ईएसएक्सआय फोडून दाखवले गेले आणि १५ जुलै २०२५ रोजी पॅच, म्हणजे दुरुस्त्या, आले. त्यांपैकी सीव्हीई-२०२५-४१२३६ हा व्हीएमएक्सनेट३ या आभासी नेटवर्क कार्डातला पूर्णांक-ओव्हरफ्लो, म्हणजे अंक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्याने होणारा दोष, होता. ‘जुने ई१००० काढा, व्हीएमएक्सनेट३ लावा, ते आधुनिक आहे’ असा सल्ला अनेक सल्लागार देतात. वेगासाठी तो बरोबर आहे. सुरक्षेसाठी त्यावर विसंबू नका. या दोषाची झळ ज्यांच्याकडे व्हीएमएक्सनेट३ होते त्यांनाच लागली.

या सर्व दोषांत हल्लेखोराला गेस्टच्या आत अॅडमिन किंवा रूटचे अधिकार आधी मिळवावे लागतात, आणि ‘मग आम्हाला काय धोका’ हा प्रश्न त्यामुळेच पुढे येतो. जुन्या वेबसाइटच्या दोषातून ते अधिकार मिळतात. त्याहून साधी गोष्ट म्हणजे आपण स्वतःच ते वाटतो: प्रत्येक सॉफ्टवेअर पुरवठादाराला त्याच्या व्हीएमचा रूट पासवर्ड दिलेला असतो. व्हीएमच्या आतला रूट म्हणजे त्या व्हीएमपुरताच धनी, हे समीकरण हायपरव्हायजर निर्दोष असेपर्यंतच खरे असते.

आता कामाचे.

पहिल्यांदा प्रत्येक व्हीएमची उपकरणे मोजा आणि नको ती काढा. ईएसएक्सआयवर व्हीएम बंद करून सेटिंगमधून फ्लॉपी, सिरियल व पॅरलल पोर्ट आणि यूएसबी कंट्रोलर काढता येतात. थ्री-डी अॅक्सेलरेशन सर्व्हरला सहसा लागत नाही, ते बंद करा. यूएसबी कंट्रोलर काढला तर कन्सोलवरचा कीबोर्ड-माऊस बंद पडेल ही भीती सहसा खरी नसते, कारण ईएसएक्सआय ते डीफॉल्टने यूएसबीमधून देत नाही. खरी अडचण वेगळी आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा लायसन्सचा डोंगल होस्टला खोचून व्हीएमला जोडून दिलेला असेल, तर तेवढ्या व्हीएमचा कंट्रोलर काढता येणार नाही. ती व्हीएम शोधून त्यांची यादी करा आणि टोकन नेटवर्कवरून यूएसबी देणाऱ्या उपकरणावर किंवा वेगळ्या छोट्या संगणकावर हलवा. केव्हीएमवर लिबव्हर्ट या व्हीएम-व्यवस्थापन साधनाच्या एक्सएमएल फाइलमध्ये यूएसबी कंट्रोलरचे मॉडेल ‘नन’ असे लिहावे लागते, आणि यूएसबीवरचे ‘टॅब्लेट’ नावाचे इनपुट उपकरणही त्याबरोबर काढावे लागते, नाहीतर व्हीएम सुरूच होत नाही. ते गेल्यावर व्हीएनसी कन्सोलमध्ये माऊसचा बाण थोडा इकडेतिकडे होतो. एसएसएचने चालणाऱ्या सर्व्हरला त्याने काही फरक पडत नाही. नवीन व्हीएम बनवताना जुन्या आय४४०एफएक्सऐवजी क्यू३५ हा मशीन-प्रकार घ्या, २.४ आवृत्तीपासून त्यात फ्लॉपी कंट्रोलर आपोआप येत नाही. व्हीएमच्या आत आणखी व्हीएम चालवायची गरज नसेल तर केव्हीएम-इंटेल किंवा केव्हीएम-एएमडी मॉड्यूलचा ‘नेस्टेड’ हा पर्याय शून्य करा. त्या कोडमध्येही दोष निघाले आहेत. सीव्हीई-२०२१-२९६५७ हा एएमडीच्या नेस्टेड भागातलाच.

केव्हीएम होस्टवर एसईलिनक्स (कोणत्या प्रोसेसला काय उघडता येईल यावर बंधन घालणारी लिनक्सची सोय) चालू आहे का, हे आजच बघा. लिबव्हर्ट प्रत्येक व्हीएमच्या क्यूईएमयू प्रोसेसला वेगळे लेबल देते, त्यामुळे एक क्यूईएमयू फुटला तरी त्याला शेजारच्या व्हीएमची डिस्क-फाइल उघडता येत नाही. उबुंटूवर हेच काम अॅपआर्मर करते. एखादे सॉफ्टवेअर बसत नाही म्हणून कुणी एसईलिनक्स ‘तात्पुरते’ बंद केलेले असते आणि ते वर्षानुवर्षे तसेच राहते. व्हेनमसारख्या दोषानंतर होस्ट आणि हल्लेखोर यांच्यामध्ये उरणारा हा शेवटचा अडसर आहे.

पॅच लावल्याचा अहवाल तपासताना तीन ठिकाणी फसगत होते. एक, व्हीएमवेअर टूल्स अद्ययावत करणे म्हणजे ईएसएक्सआय अद्ययावत करणे नव्हे. टूल्स गेस्टमध्ये असतात. होस्टची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक वेगळा पाहावा लागतो. दोन, क्यूईएमयूचे नवे पॅकेज बसवले तरी चालू असलेले व्हीएम जुन्याच बायनरीवर चालत राहते. गेस्टच्या आतून रीबूट दिले तरी होस्टवरची प्रोसेस तीच राहते, म्हणून दोषही तसाच राहतो. व्हीएम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा किंवा लाइव्ह मायग्रेशनने, म्हणजे चालू असतानाच, अद्ययावत होस्टवर हलवा. खातरजमा सोपी आहे: होस्टच्या प्रॉक फाइल-प्रणालीत त्या प्रोसेसची ‘एक्झी’ ही लिंक पाहा. तिच्यापुढे ‘डिलीटेड’ असे दिसले तर जुनी बायनरी अजून मेमरीत आहे. तीन, दोष केव्हीएमच्या कर्नल भागात असेल तर होस्टच रीबूट करावा लागतो, नाहीतर लाइव्ह पॅचिंग (चालू कर्नलमध्येच दुरुस्ती) लागते.

आणि इथेच गाडी अडते, कारण होस्ट रीबूट करायचा तर त्यावरची व्हीएम हलवायला जागा लागते. समजा तीन होस्ट आहेत, प्रत्येकी ५१२ जीबी मेमरी. एकूण १५३६ जीबी. एक होस्ट देखभालीसाठी रिकामा केला की उरतात १०२४. म्हणजे एरवी प्रत्येक होस्टवर दोन तृतीयांशाच्या, साधारण ३४० जीबीच्या, वर वापर जाता कामा नये. हायपरव्हायजरचा स्वतःचा वाटा धरला तर आणखी थोडा कमीच. दोनच होस्ट असतील तर ही मर्यादा प्रत्येक होस्टच्या निम्म्या मेमरीवर येते. तिन्ही होस्ट ८० टक्के भरलेले असले की कुठलाही पॅच दिवसा लावता येत नाही, रात्रीचे डाउनटाइम मागावे लागते, ते लेखापरीक्षण, परीक्षा, मार्चअखेर अशा कारणांनी पुढे ढकलले जाते आणि महिने उलटतात. यात अभियंत्याचा आळस नसतो. खरेदीच्या वेळी एक होस्ट कमी घेतला, त्याचा हा परिणाम असतो.

पॅच पडून राहिले की काय होते ते फेब्रुवारी २०२३ मध्ये जगाने पाहिले. ईएसएक्सआय-आर्ग्ज या रॅन्समवेअरने ३ फेब्रुवारीपासून इंटरनेटला उघडे असलेले ईएसएक्सआय होस्ट लॉक करायला सुरुवात केली. फ्रान्सच्या सर्ट-एफआर या यंत्रणेने सीव्हीई-२०२१-२१९७४ या दोषाकडे बोट दाखवले. हा पोर्ट ४२७ वरच्या एसएलपी (नेटवर्कवरच्या सेवा शोधून देणाऱ्या) सेवेतला हीप-ओव्हरफ्लो, आणि त्याचा पॅच २३ फेब्रुवारी २०२१ रोजीच आलेला होता. या दोषात तर गेस्टमध्ये शिरायचीही गरज नव्हती, पोर्टपर्यंत पोचता आले की पुरे. आपल्याकडे जुने ७.० किंवा ६.७ चालू असेल तर एसएलपी सेवा थांबवा, फायरवॉलमधला तिचा नियम बंद करा आणि रीबूटनंतर ती पुन्हा उठणार नाही असे करा. ७.० यू२सी आणि ८.० पासून ती मुळातच बंद असते. व्यवस्थापनाचे नेटवर्क वेगळ्या व्हीलॅनवर ठेवा. कार्यालयातल्या सामान्य संगणकावरून ईएसएक्सआयचे किंवा व्हीसेंटरचे (सर्व होस्ट सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचे) लॉगिन पान उघडत असेल तर ते चुकीचे आहे. होस्टवरची एसएसएच सेवा बंद, होस्टवर थेट लॉगिन रोखणारा लॉकडाउन मोड चालू, आणि अधिकृत पॅकेजमधून बसवलेल्या बायनरीच चालू देणारा ‘एक्झेक-इन्स्टॉल्ड-ओन्ली’ हा पर्याय चालू ठेवा.

वेबसाइटसारखी बाहेर उघडी व्हीएम आणि मूळ डेटाबेस एकाच होस्टवर ठेवू नयेत, हे आम्ही आग्रहाने सांगू. तीन होस्टांच्या क्लस्टरमध्ये हे पूर्णपणे साधत नाही, तेव्हा निदान बाहेर उघड्या व्हीएमसाठी एक जुना, स्वस्त पण पॅच मिळणारा होस्ट वेगळा काढा.

मेमरीचा दोष वापरून बाहेर पडण्याचा प्रयत्न फसला, तर बहुतेकदा व्हीएम अचानक बंद पडते. ईएसएक्सआयवर त्या व्हीएमच्या फोल्डरमध्ये व्हीएमएक्स-झेडडंप नावाची फाइल उरते. लिबव्हर्टच्या लॉगमध्ये बंद होण्याचे कारण ‘क्रॅश्ड’ असे दिसते. नेहमीचा प्रतिसाद म्हणजे व्हीएम पुन्हा चालू करून विसरून जाणे. त्याऐवजी आधी डंप आणि लॉग बाहेर काढून ठेवा, मग व्हीएम सुरू करा. दर वेळी हल्लाच असेल असे नाही, पण असला तर पुरावा एवढाच असतो. होस्टचे लॉग दूरच्या सिसलॉग सर्व्हरवर पाठवा. यूएसबी किंवा एसडी कार्डवरून बूट होणाऱ्या ईएसएक्सआयचे लॉग अनेकदा रॅमडिस्कवर, म्हणजे मेमरीतच, असतात आणि रीबूटबरोबर पुसले जातात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे आणि लॉग १८० दिवस जपायचे आहेत. होस्टचे लॉग त्यात येतात, ते ठेवण्याची सोय मात्र फार थोड्या ठिकाणी केलेली असते.

मुळापासूनचा उपाय म्हणजे हा कोड मेमरी-सुरक्षित भाषेत आणणे, आणि तो आता कागदावरचा विचार राहिलेला नाही. अॅमेझॉनने २०१८ मध्ये जाहीर केलेला, व्हीएम चालवणारा फायरक्रॅकर रस्ट या मेमरी-सुरक्षित भाषेत लिहिलेला आहे; त्यात उपकरणे मोजकीच आणि कोड सुरुवातीच्या काळात सुमारे ५० हजार ओळींचा, तर क्यूईएमयू १४ लाखांच्या वर. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हीएमला उपकरणे पुरवणारा, रस्टमधला ओपनएचसीएल खुला केला. क्यूईएमयूनेही ९.२ आवृत्तीत एक सिरियल पोर्ट प्रायोगिक स्वरूपात रस्टमध्ये आणला. गूगलच्या आकडेवारीनुसार अँड्रॉइडमधल्या एकूण दोषांत मेमरी-दोषांचा वाटा २०१९ मध्ये ७६ टक्के होता, तो २०२४ मध्ये २४ टक्क्यांवर आला. आणि त्यासाठी जुना कोड फेकावा लागला नाही, नवा कोड सुरक्षित भाषांत लिहिणे पुरले. तरीही रस्ट म्हणजे कवच नव्हे. फायरक्रॅकरच्याच ०.१८ आणि ०.१९ आवृत्त्यांच्या व्हीसॉक (गेस्ट-होस्ट संवादाच्या) भागात बफर-ओव्हरफ्लो निघाला होता, क्रमांक सीव्हीई-२०१९-१८९६०. गेस्टच्या मेमरीला हात लावणारा कोड शेवटी ‘अनसेफ’, म्हणजे रस्टच्या तपासण्या शिथिल असलेल्या, भागातून जातो आणि चूक तिथे होऊ शकते. फरक एवढाच, पण मोलाचा, की तपासायची जागा लाखो ओळींवरून फार थोड्या ओळींवर येते.

फायरक्रॅकर आपल्या सर्व्हर खोलीसाठी नाही, तो लहान लिनक्स व्हीएमसाठी बनला आहे. म्हणून ‘रस्टमधलाच हायपरव्हायजर हवा’ अशी अट आज घालू नका. निविदाधारक मिळणार नाहीत. पण प्रश्न विचारता येतो. अमेरिकेच्या सिसा या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने उत्पादकांना १ जानेवारी २०२६ पर्यंत मेमरी-सुरक्षेचा आराखडा प्रसिद्ध करायला सांगितले होते. तो आराखडा निविदेसोबत जोडा, त्यात गेस्टकडून येणारा डेटा हाताळणारे भाग कोणत्या भाषेत आहेत हे लिहा, अशी मागणी करायला आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.

निविदेतल्या बाकीच्या अटी आम्ही अशा सुचवतो. गेस्टमधून होस्टवर जाऊ देणारा, ९ किंवा अधिक गुणांकाचा दोष जाहीर झाल्यापासून ७ दिवसांत पॅच; हल्ल्यांत वापर होत असल्याचे जाहीर झाले असेल तर ७२ तासांत; आणि उशिरासाठी दंड कार्यादेशातच. कोणताही एक होस्ट बंद असताना सर्व व्हीएम चालतील एवढी क्षमता, स्वीकृती चाचणीत एक होस्ट प्रत्यक्ष बंद करून दाखवण्याच्या अटीसह. सॉफ्टवेअर घटकांची यादी, म्हणजे एसबीओएम. हायपरव्हायजरच्या सपोर्टची मुदत सर्व्हरच्या वॉरंटीइतकी किंवा त्याहून मोठी. ही शेवटची अट हमखास सुटते: २०२२ मध्ये पाच वर्षांच्या वॉरंटीने घेतलेल्या सर्व्हरची हमी २०२७ पर्यंत आहे, पण त्यावरच्या ईएसएक्सआय ७ चा सर्वसाधारण सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नव्या आवृत्तीचा खर्च कोणी करायचा हे करारात नसेल, तर सर्व्हर धडधाकट आणि हायपरव्हायजर उघडा, अशी दोन वर्षे जातात. एल-१, म्हणजे सर्वांत कमी दराचा निविदाधारक, ठरवताना हा खर्च पाच वर्षांच्या एकूण किमतीत धरा.

सुरक्षा तपासणीच्या कार्यकक्षेतही हायपरव्हायजर नाव घेऊन लिहा. ‘सर्व सर्व्हरची व्हीएपीटी’ (दोष शोधण्याची व घुसखोरीची चाचणी) एवढेच लिहिले तर परीक्षक गेस्ट तपासतो आणि अहवाल स्वच्छ येतो. होस्टची बिल्ड, व्यवस्थापन नेटवर्क, प्रत्येक व्हीएमची आभासी उपकरणे आणि चालू प्रोसेसची खरी आवृत्ती, या चार गोष्टी अहवालात स्वतंत्र मागवा.

पुढच्या निविदा-पूर्व बैठकीत यांतले निदान दोन प्रश्न पुरवठादारांपुढे ठेवावेत आणि त्यांची लेखी उत्तरे शुद्धिपत्रकासोबत प्रसिद्ध करावीत, ही विनंती: एक होस्ट बंद असताना सगळी व्हीएम चालतील का, आणि हायपरव्हायजरचे पॅच कोणत्या तारखेपर्यंत मिळतील?

आपले,
व्हर्च्युअलायझेशन आणि सिस्टिम सुरक्षेचे काम करणारे अभियंते